दे सूर्स : एका खाणपट्ट्याचं दुसरं आयुष्य

2012 च्या जून अखेरीस कॅनडातल्या क्वेबेक प्रांताच्या सरकारने एका खाणीला 5.8 कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. सप्टेंबरमध्ये निवडणूक झाली, ज्यां शारे यांचं लिबरल सरकार गेलं, पोलीन मारवा यांचा पार्टी क्वेबेक्वा पक्ष सत्तेवर आला आणि ते कर्ज रद्द झालं. खाणीचं नाव जेफ्री. खनिज अ‍ॅस्बेस्टॉस. ज्या शहराच्या पोटात ती खाण होती, त्या शहराचं नावही अ‍ॅस्बेस्टॉसच.

त्या एका निर्णयाने सव्वाशेहून अधिक वर्षं चाललेला धंदा कायमचा थांबला. त्या वेळी अनेकांनी लिहिलं की खाणीभोवतीचा दे सूर्स हा परगणा आता संपला. तो संपला नाही. कसा टिकला, काय उभं राहिलं, काय फसलं आणि काय अजून तसंच पडून आहे, हे या लेखात मांडायचं आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: खाण बंद झाल्याने या परगण्याचं जेवढं नुकसान झालं, त्याहून मोठं नुकसान ती फार उशिरा बंद झाल्याने झालं.

परगणा कसा आहे

क्वेबेकमध्ये 1979 च्या नियोजन कायद्यानंतर जुन्या इंग्रजी पद्धतीच्या काउंट्या मोडीत निघाल्या आणि त्यांच्या जागी प्रादेशिक परगणे आले. फ्रेंच नावाच्या आद्याक्षरांवरून त्यांना सगळे ‘एमआरसी’ म्हणतात. आपल्याकडची पंचायत समिती डोळ्यांपुढे आणली तर कल्पना येईल, फक्त इथे सभासद म्हणजे परगण्यातल्या गावांचे महापौर. ते एकत्र बसतात आणि त्यांच्या प्रमुखाला ‘प्रेफे’ म्हणतात. जमीन कशासाठी वापरायची, कचरा कुठे न्यायचा, उद्योगांना कुठे जागा द्यायची, हे त्या बैठकीत ठरतं. एकेकट्या गावाला न झेपणारी कामंही तिथेच होतात.

आपला परगणा 1982 साली स्थापन झाला, तेव्हा त्याचंही नाव अ‍ॅस्बेस्टॉस होतं. 2006 मध्ये ते बदलून दे सूर्स, म्हणजे ‘झऱ्यांचा’, असं झालं. तो एस्त्री विभागात येतो. शेरब्रूक हे सर्वांत जवळचं मोठं शहर. परगण्यात सात पालिका आहेत: खाणीचं शहर, त्याला लागून असलेलं डॅनव्हिल, आणि वॉटन, सँ-कामीय, सँ-ताद्रियँ, सँ-जॉर्ज-द-विंडसर, हॅम-स्युद ही खेडी. सगळे मिळून चौदा-पंधरा हजार लोक. त्यातले सात हजारांच्या आसपास खाणीच्या शहरात, चारेक हजार डॅनव्हिलमध्ये आणि बाकीचे विखुरलेले.

गावांच्या नावांत इथला इतिहास दिसतो. अमेरिकन राज्यक्रांतीनंतर ब्रिटिशांनी या भागाची चौकोनी टाउनशिपांत आखणी केली आणि न्यू इंग्लंडमधून आलेले इंग्रजीभाषक शेतकरी इथे वसले. डॅनव्हिल त्यांचंच. मूकपटांच्या काळात हॉलिवूडमध्ये विनोदी चित्रपटांचा कारखाना उभा करणारा मॅक सेनेट याच गावात जन्मला, हे इथले लोक अभिमानाने सांगतात. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून फ्रेंचभाषक कुटुंबं जंगल तोडत दक्षिणेकडे सरकली, आणि आज परगणा जवळपास पूर्ण फ्रेंच बोलतो. या सगळ्याच्या आधीपासून ही भूमी आबेनाकी लोकांची आहे. 713 मीटर उंचीचा हॅम पर्वत आज परगण्याचं प्रादेशिक उद्यान आहे आणि त्याच्या कारभारात आबेनाकींच्या परिषदेला सोबत घेण्याचा प्रयत्न अलीकडे सुरू झाला आहे.

खाण सोडली तर परगणा दुधाचा, लाकडाचा आणि मेपलच्या पाकाचा. दुभत्या गाईंचे गोठे, गवताची रानं, वसंतात मेपलच्या झाडांना लावलेल्या नळ्या. हे सगळं खाणीच्या आधीही होतं आणि आजही आहे. खाणीबद्दल लिहिताना हा भाग नेहमी मागे राहतो. तसं व्हायला नको, कारण पुढे हाच भाग कामाला आला.

टेकडीचा खड्डा

1880 च्या सुमारास शिप्टन टाउनशिपमधल्या एका टेकडीवर धाग्यांसारखा सुटा होणारा दगड सापडला. डब्ल्यू. एच. जेफ्री नावाच्या शेतकऱ्याने तिथे काम सुरू केलं, म्हणून खाणीला त्याचं नाव. तो दगड म्हणजे क्रायसोटाइल, पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस. तो जळत नाही, कुजत नाही, कापसासारखा पिंजता येतो, विणता येतो आणि सिमेंटमध्ये मिसळता येतो. कारखान्यांच्या बाष्पकांना, जहाजांना, गाड्यांच्या ब्रेकना आणि घरांच्या छपरांना असाच माल हवा होता. क्वेबेकमध्ये त्याला ‘पांढरं सोनं’ म्हणू लागले.

पहिल्या महायुद्धाच्या काळात जॉन्स-मॅनव्हिल ही अमेरिकन कंपनी मालक झाली. इंग्रजी बोलणारे व्यवस्थापक आणि फ्रेंच बोलणारे मजूर अशी उभी फूट पडली. मोठा रोजगार देणारी कंपनी एकच, त्यामुळे दुकानं, घरं, रस्ते, मुलांचं भवितव्य सगळं तिच्यावर अवलंबून होतं. खाण उघडी होती. ती जितकी खोल जायची तितकी रुंद व्हायची, आणि रुंद होताना शहर गिळायची. विसाव्या शतकाच्या मध्यापासून गल्ल्यामागून गल्ल्या उठवल्या गेल्या. घरं चाकांवर चढवून दुसरीकडे नेली, दुकानांची जुनी पेठ गेली, सँ-तेमे चर्चही गेलं. शेवटी खड्डा सुमारे दोन किलोमीटर रुंद आणि 350 मीटर खोल झाला.

आपल्याला हे अघोरी वाटतं. तिथल्या लोकांना त्या काळात ते तसं वाटलं नाही. खड्डा वाढतोय म्हणजे मागणी आहे, म्हणजे काम आहे. घर हलवावं लागलं तर नुकसानभरपाई आणि नवी वस्ती मिळायची. ज्याच्या पगारावर अख्खं गाव जगतं त्याला घरात जागा करून द्यायची, एवढाच त्याचा अर्थ होता. ही समजूत ध्यानात घेतली नाही तर पुढची साठ वर्षं कळत नाहीत.

1949

त्या वर्षी 14 फेब्रुवारीला अ‍ॅस्बेस्टॉस आणि थेटफर्ड माइन्स या दुसऱ्या अ‍ॅस्बेस्टॉस-खाणींच्या शहरातले मिळून सुमारे पाच हजार कामगार संपावर गेले. संघटना कॅथलिक कामगार महासंघाची. मागण्यांत तासाला 15 सेंट पगारवाढ होती, कामगारांच्या कल्याण निधीत संघटनेला अधिकार हवा होता आणि आणखी एक मागणी होती: दगड दळून धागा वेगळा करणाऱ्या गिरणीतली धूळ हटवा.

धुळीची ही मागणी वाऱ्यावरची नव्हती. संपाच्या महिनाभर आधी, जानेवारीत, बर्टन लदू या पत्रकाराने मॉन्ट्रियलच्या ‘ल दव्हार’ या दैनिकात ईस्ट ब्रॉटन या थेटफर्डजवळच्या खाणगावातल्या अ‍ॅस्बेस्टॉसिसबद्दल सविस्तर लिहिलं होतं. फुप्फुसं दगडासारखी होत जाणारा हा आजार कामगारांना नावाने ठाऊक झाला तो या लेखनामुळे. आणि कंपनीला? त्याच 1949 साली कंपनीच्या अ‍ॅस्बेस्टॉस इथल्या डॉक्टरने, केनेथ स्मिथने, सातशेहून अधिक कामगारांचे एक्स-रे तपासून अहवाल लिहिला. फुप्फुसं पूर्ण निरोगी असलेले कामगार त्याला जेमतेम चार सापडले. ज्यांना आजार जडलेला होता पण अजून त्रास सुरू झाला नव्हता, त्यांना तसं सांगू नये असा सल्ला त्याने दिला: माणूस घरी-कामावर खुशीत आहे तोवर कशाला त्याच्या डोक्याला घोर? हा कागद अनेक वर्षांनी अमेरिकेतल्या खटल्यांमध्ये उघड झाला. मला या संपूर्ण प्रकरणात सर्वांत जास्त संताप याच कागदाचा येतो. तो लिहिणारा माणूस त्या कामगारांना रोज भेटत होता.

संप बेकायदा ठरवला गेला. मुख्यमंत्री मोरीस द्युप्लेसी कंपनीच्या बाजूने उभे राहिले आणि प्रांतिक पोलिस आले. बाहेरून आणलेल्या बदली कामगारांना रोखण्यासाठी 5 मे रोजी संपकऱ्यांनी शहराचे रस्ते अडवले. दुसऱ्या दिवशी पहाटे सँ-तेमे चर्चच्या पायऱ्यांवर दंगलविरोधी कायदा वाचून दाखवला गेला, धरपकड झाली, मारहाण झाली. त्याच आठवड्याच्या सुरुवातीला मॉन्ट्रियलचे आर्चबिशप जोसेफ शार्बोनो यांनी कामगारवर्गाला चिरडण्याचा कट चालला आहे, तेव्हा मध्ये पडणं हे चर्चचं कर्तव्यच आहे, असं प्रवचनात सांगून चर्चच्या दारांशी संपकऱ्यांसाठी वर्गणी गोळा करायला लावली. धर्मसत्ता आणि राजसत्ता एकमेकींच्या हातात हात घालून चालणाऱ्या त्या काळच्या क्वेबेकमध्ये ही फार मोठी गोष्ट होती. पुढच्या वर्षी शार्बोनो यांना पद सोडावं लागलं आणि ते देशाच्या दुसऱ्या टोकाला, व्हिक्टोरियाला गेले.

संपाच्या बाजूने धावून आलेल्या तरुणांमध्ये कामगार नेते ज्यां मार्शां, पत्रकार जेरार पेल्तिए आणि वकील पिएर त्रुदो होते. पुढे त्रुदो कॅनडाचे पंतप्रधान झाले आणि बाकीचे दोघे त्यांच्या मंत्रिमंडळात गेले. म्हणून क्वेबेकच्या इतिहासात हा संप आधुनिक युगाची नांदी म्हणून शिकवला जातो. ते खरंच आहे. पण परगण्याच्या बाजूने पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं. संप जुलैच्या सुरुवातीला मिटला. मागितलेल्या 15 सेंटऐवजी 10 सेंट मिळाले, काहींना कामावर परत घेतलंच नाही, आणि धुळीच्या मागणीवर ठोस असं फारसं काही पदरात पडलं नाही. देशाला पंतप्रधान मिळाला आणि गिरणीत धूळ तशीच राहिली.

धूळ गिरणीपुरती राहत नसे. ती कपड्यांवरून घरी यायची, खिडकीच्या चौकटीवर बसायची. खाणीत पाऊलही न टाकलेल्या, फक्त नवऱ्याचे कपडे धुणाऱ्या बायकांमध्ये फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग इतर भागांपेक्षा जास्त आढळला, हे नंतरच्या अभ्यासांत दिसून आलं. या कर्करोगाला उगवायला वीस ते चाळीस वर्षं लागतात. त्यामुळे दुखणं समोर येतं तेव्हा कारण केव्हाच मागे पडलेलं असतं, आणि ‘माझे आजोबा नव्वद वर्षं जगले, त्यांना काही झालं नाही’ हे वाक्य प्रत्येक खाणगावात खरंही असतं.

तीस वर्षं वाया

ऑगस्ट 1982 मध्ये जॉन्स-मॅनव्हिलने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. कंपनी बुडाली नव्हती. आजारी कामगारांच्या दाव्यांचा डोंगर पुढे दिसत होता, म्हणून तिने कायद्याचा आसरा घेतला. पाठोपाठ जेफ्री खाण तिथल्याच व्यवस्थापकांच्या हाती गेली. परगण्याची स्थापनाही 1982 चीच. म्हणजे ज्या वर्षी या गावांना एकत्र बसून विचार करायला जागा मिळाली, त्याच वर्षी त्यांचा धंदा टिकणार नाही याचा धडधडीत पुरावाही मिळाला.

पुढची तीस वर्षं मात्र बहुतेक ताकद धंदा जिवंत ठेवण्यात गेली. युरोपातले देश एकामागून एक अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घालत होते. फ्रान्सने बंदी घातली तेव्हा कॅनडा जागतिक व्यापार संघटनेत दाद मागायला गेला आणि 2001 मध्ये हरला. मॉन्ट्रियलमध्ये क्रायसोटाइल संस्था सरकारी पैशावर चालत होती. ‘नियंत्रित वापर’ केला तर धोका नाही, हे जगाला पटवून देणं हे तिचं काम. रॉटरडॅम कराराच्या धोकादायक मालाच्या यादीत क्रायसोटाइल येऊ नये म्हणून कॅनडा वर्षानुवर्षं आडवा येत राहिला. त्याच काळात ओटावातल्या संसद भवनातून अ‍ॅस्बेस्टॉस काढून टाकण्याचं काम सुरू होतं.

मग माल घेत कोण होतं? इथे आपण येतो. शेवटच्या वर्षांत कॅनडाच्या अ‍ॅस्बेस्टॉसचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक भारत होता. चाळीची, गोदामाची, शाळेच्या वर्गाची, कोंबड्यांच्या खुराड्याची छपरं ज्या सिमेंटच्या पत्र्यांची असतात, त्यात हा धागा मिसळलेला असतो. भारताने स्वतःच्या भूमीत अ‍ॅस्बेस्टॉसच्या नव्या खाणपट्ट्यांना परवाने देणं 1986 पासूनच थांबवलं होतं, आयात मात्र वाढत होती. जेफ्री खाण पुन्हा भूमिगत पद्धतीने चालू करण्याची योजना मांडणाऱ्या गटाचे प्रमुखही भारतीय वंशाचे मॉन्ट्रियलचे उद्योजक बलजितसिंग चढ्ढा होते. त्यांची कंपनी हा माल भारतात आधीपासूनच विकत होती. सरकारी कर्ज हवं होतं ते या योजनेला.

डिसेंबर 2010 मध्ये भारत, इंडोनेशिया, जपान, दक्षिण कोरिया इथल्या कार्यकर्त्यांचं आणि आजारग्रस्तांचं एक शिष्टमंडळ क्वेबेकला गेलं. या खाणीला पैसे देऊ नका, हे सांगायला. परगण्यातल्या अनेकांना हा परक्यांचा आगाऊपणा वाटला. मला त्या लोकांची बाजू कळते, पण ती पटत नाही. ‘नियंत्रित वापर’ हे शब्द क्वेबेकच्या बंद गिरणीत कदाचित काही अर्थाचे असतील. मुंबईच्या उपनगरात पत्रा करवतीने कापणाऱ्या, तोंडावर गमछाही नसलेल्या मजुरापर्यंत ते पोहोचत नव्हते, आणि हे विकणाऱ्यालाही ठाऊक होतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 1995 मध्येच, अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या याचिकेवर, अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून किमान 40 वर्षं किंवा निवृत्तीनंतर 15 वर्षं, यांपैकी जे नंतर संपेल तोवर ठेवायला सांगितल्या होत्या. एवढी लांब मुदत घालावी लागते, यातच आजाराचं स्वरूप आलं.

थेटफर्डची शेवटची खाण 2011 मध्ये थांबली. सप्टेंबर 2012 मध्ये क्वेबेकने कर्ज रद्द केलं आणि त्याच महिन्यात संघराज्य सरकारनेही रॉटरडॅम करारातला विरोध सोडला. ती घोषणा करणारे मंत्री क्रिस्तियाँ पारादी थेटफर्ड माइन्सचेच. कॅनडात बंदीचे नियम डिसेंबर 2018 मध्ये लागू झाले.

पाच कोटी कशाला गेले

कर्ज रद्द करताना मारवा सरकारने परगण्याला रिकाम्या हाताने सोडलं नाही. अर्थव्यवस्थेला दुसऱ्या वाटा शोधण्यासाठी 5 कोटी डॉलरचा निधी ठेवला. संघराज्य सरकारनेही अ‍ॅस्बेस्टॉस आणि थेटफर्ड या दोन भागांसाठी मिळून 5 कोटींपर्यंतची रक्कम जाहीर केली. दे सूर्सच्या प्रकरणातला कळीचा मुद्दा मला हा वाटतो. एका खाणीला द्यायची रक्कम जवळपास तेवढीच राहिली, फक्त ती एका धंद्याऐवजी एका प्रदेशाला मिळाली.

त्यातून काय आलं? ब्रोम सरोवराच्या बदकांसाठी प्रसिद्ध असलेल्या जुन्या कंपनीने इथे बदकांच्या मांसाचा मोठा प्रक्रिया कारखाना काढला. तरुणांनी एक मद्यशाळा सुरू केली आणि तिला ‘मूलँ 7’, म्हणजे सातव्या गिरणीचं नाव दिलं. खाणीतल्या गिरण्यांना असेच क्रमांक असत. छोटे कारखाने आले, दुकानं सावरली. यांतल्या एकाही उद्योगात हजार माणसं नाहीत. खाणीच्या भराच्या काळात शहराची लोकसंख्या दहा हजारांच्या घरात होती, आता सात हजार आहे आणि वय वाढलेलं आहे. पण आता एक कारखाना बंद पडला तर अख्खं शहर आजारी पडत नाही. कामगाराला मालक बदलता येतो. जुन्या खाणकामगारांच्या वाट्याला ही साधी सोय कधी आली नव्हती.

सगळं जमलं असं नाही. सर्वांत मोठं अपयश खाण बंद होण्याआधीचंच आहे. अ‍ॅस्बेस्टॉस काढून उरलेल्या दगडात मॅग्नेशियम भरपूर असतं. ते काढण्यासाठी नोरांडा कंपनीने डॅनव्हिलला मॅग्नोला नावाचा एक अब्ज डॉलरहून अधिक खर्चाचा प्रकल्प उभारला, त्यात क्वेबेक सरकारचीही भागीदारी होती. 2000 मध्ये सुरू झाला, 2003 मध्ये बंद. चीनचं स्वस्त मॅग्नेशियम बाजारात आल्यावर हिशेब बसेना. नंतर त्याच जागेवर अलायन्स मॅग्नेशियम ही नवी कंपनी नव्या पद्धतीने तेच करायला आली आणि तीही आर्थिक अडचणीत सापडली. एका मोठ्या खनिजाच्या जागी दुसरं मोठं खनिज आणून बसवायचं, ही इच्छा समजण्यासारखी आहे. पण खाणीवर वाढलेल्या गावाला सुटकेची कल्पनाही खाणीच्याच आकारात सुचते, आणि त्यात पैसा व वर्षं दोन्ही जातात.

ज्या खेड्याकडे खाण नव्हती

आता सँ-कामीय. जेमतेम पाचशे वस्तीचं खेडं, खाणीपासून थोड्या अंतरावर, शेतीवर जगणारं. ऐंशीच्या दशकात त्याची गत ग्रामीण क्वेबेकमधल्या शेकडो खेड्यांसारखी झाली होती: तरुण निघून जात होते, दुकान बंद झालं, पुढचा नंबर शाळेचा होता. तिथल्या चार माणसांनी 1986 मध्ये आपापले पैसे घालून एक छोटा गट केला. गावाच्या मध्यातल्या मोक्याच्या इमारती बाहेरच्या हाती जाण्याआधी किंवा पडण्याआधी विकत घ्यायच्या, दुरुस्त करायच्या आणि गावाच्या उपयोगी माणसांना द्यायच्या, एवढंच त्याचं काम. जुन्या किराणा दुकानात 1988 मध्ये ‘ल प्ती बॉनर’ हे केंद्र सुरू झालं. तिथे नाटकं, गाण्याचे कार्यक्रम, चित्रप्रदर्शनं होतात, आणि तिथेच दर आठवड्याला सामुदायिक जेवण असतं. पाद्र्याच्या जुन्या घरात वृद्धांसाठी सहकारी निवासस्थान झालं, म्हणजे म्हाताऱ्यांना अखेरच्या वर्षांत शेरब्रूकला जावं लागू नये. भाजीपाल्याची सहकारी संस्था निघाली. पुढे गावाने शेतीला जोडून घरासाठी मोठे भूखंड पाडले आणि नव्या कुटुंबांना बोलावलं. ती आली. शाळा राहिली.

यातलं एकही काम मोठ्या पैशाचं नाही. पण ती सगळी कामं शहरात खाण वाचवण्याची लढाई चालू असतानाच, त्याच परगण्यात, वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत चालली होती. 2012 नंतर परगण्याने ‘अजेंडा 21’ धर्तीचा शाश्वत विकासाचा आराखडा केला, तेव्हा सभेच्या टेबलाशी सँ-कामीयचा अनुभव आधीच बसलेला होता. शहराकडे लोकसंख्या होती, निधी होता, पण एका मोठ्या मालकाशिवाय जगायचं कसं हे खेड्यांना जास्त ठाऊक होतं. महापौरांची एकत्र बैठक ही कागदावर कंटाळवाणी वाटणारी रचना इथे खरोखर उपयोगी पडली.

नाव

परगण्याने 2006 मध्ये नाव बदललं तेव्हा फारसा गाजावाजा झाला नाही. शहराने नोव्हेंबर 2019 मध्ये तसं जाहीर केलं तेव्हा मात्र घराघरांत वाद पेटले. महापौर ह्यूग ग्रिमार यांचं म्हणणं होतं की या नावामुळे बाहेरचे गुंतवणूकदार बिचकतात. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं होतं की आमच्या बापजाद्यांचं आयुष्य या नावात आहे, त्याची लाज का वाटावी? पहिल्यांदा पुढे आलेल्या पर्यायांवर इतकी नाराजी झाली की यादी बदलावी लागली. ऑक्टोबर 2020 मध्ये, कोविडच्या काळात, लोकांनी गाडीत बसूनच मतदान केलं. 14 वर्षांवरील प्रत्येकाला मत होतं. पसंतीक्रमाच्या तिसऱ्या फेरीत व्हाल-दे-सूर्स हे नाव 51.5 टक्क्यांनी निवडून आलं आणि डिसेंबरमध्ये अधिकृत झालं. शहराने आपलं नवं नाव परगण्याच्याच नावावरून घेतलं.

दोन्ही बाजूंचं दुःख खरं आहे. तरी मला चौदा वर्षांच्या मुलांना मत दिलं ही गोष्ट फार मोलाची वाटते. खाणीत त्यांनी कधी काम केलं नाही, पण नाव त्यांनाच आयुष्यभर वागवायचं आहे.

ढिगारे

पंप बंद झाल्यापासून खाणीच्या खड्ड्यात पाणी चढतं आहे. रंग निळा-हिरवा. कड्यांच्या दोन टोकांना पट्टा बांधून त्यावरून जवळपास दोन किलोमीटर चालण्याचे जागतिक विक्रम तिथे झाले आहेत, पाहायला लोक येतात. पण परगण्याचा खरा उरलेला प्रश्न खड्ड्याच्या बाजूला, करड्या डोंगरांच्या रूपाने उभा आहे. क्वेबेकभर अशा अ‍ॅस्बेस्टॉसयुक्त खाणकचऱ्याचे सुमारे 80 कोटी टन साठे आहेत. पर्यावरणविषयक जनसुनावणी घेणाऱ्या प्रांतिक मंडळाने 2020 मध्ये या विषयावर मोठा अहवाल दिला आणि खबरदारीची जोरदार शिफारस केली. दे सूर्स आणि थेटफर्ड भागातले लोकप्रतिनिधी त्यावर चिडले. त्यांच्या लेखी ते ढीग म्हणजे मॅग्नेशियम, निकेल आणि उद्याचा रोजगार. आरोग्य अधिकाऱ्यांच्या लेखी ते ढीग म्हणजे उपसले की हवेत जाणारे धागे.

ढिगांवर काम करूच नये असं मी म्हणणार नाही. ते तसेच ठेवले तरी वारा आणि पाऊस त्यांना हात लावतातच, आणि ते झाकून हिरवे करायचे तर तोही खर्च कुणी तरी उचलायला हवा. एका पंधरा हजार वस्तीच्या परगण्याला तो झेपणार नाही. नफा ज्यांनी नेला त्यांची कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याआड गेली, त्यामुळे हा भार प्रांताने आणि देशाने घ्यायला हवा. पण कुठलीही नवी कंपनी ढीग उपसायला आली तर तिथल्या कामगाराच्या छातीचा एक्स-रे दर काही वर्षांनी निघाला पाहिजे, तो कंपनीच्या पगारावर नसलेल्या डॉक्टरने वाचला पाहिजे आणि त्याचा निकाल सर्वांत आधी त्या कामगाराच्या हाती पडला पाहिजे. परगण्याच्या सभेने परवानगीच्या अटींत एवढं जरी सक्तीचं करून घेतलं, तरी 1949 मध्ये संपकऱ्यांनी मागितलेल्या आणि त्यांना न मिळालेल्या गोष्टीचा निदान एक भाग त्यांच्या नातवंडांना मिळेल.